रविवारी दुकानं बंद असतात

सगळं आणलं होतं, मीठ तेवढं राहिलं होतं.

कुडाळहून निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही बॅगा आमच्या वाण्याच्या काट्यावर चढवल्या होत्या. प्रत्येकी २३ किलो, वर एक ग्रॅम नको. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, आमसुलं, खडखडे लाडू, तीन पिशव्यांत गुंडाळलेला सुका जवळा. तूप काढून ठेवलं, कारण दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत असं कुणीतरी बजावलं होतं, आणि ते खरंच होतं. आजीने शेवटच्या क्षणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत तिरफळं, म्हणजे आमच्याकडे मासळीच्या कालवणात पडणारा मसाला, भरून ती मोज्यात कोंबली. मी मिठाची पुडी ठेवायला गेले तर आई म्हणाली, "मीठ काय, खंयव गावता."

गावता, म्हणजे मिळतं. पण रविवारी गावणा नाय.

मी आखेनला पोचले ती १ ऑक्टोबर २०२२ ची, शनिवारची रात्र. आखेन म्हणजे जर्मनीचं पश्चिमेचं टोक. बेल्जियम आणि नेदरलँड्स इतके जवळ, की मोबाइलवर रोज कुठल्या ना कुठल्या देशात स्वागत असल्याचे संदेश येतात. इथल्या तांत्रिक विद्यापीठात, म्हणजे आर.डब्ल्यू.टी.एच.मध्ये, मला धातुशास्त्रात एम.एस्सी. करायची होती. वसतिगृहाची किल्ली एका मराठी सीनियरने आधीच घेऊन ठेवली होती. त्याने ती माझ्या हातात दिली, हीटर कसा फिरवायचा ते दाखवलं आणि शेवटची गाडी पकडून तो कोलोनला गेला.

सकाळी उठून पिशवी घेऊन बाहेर पडले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिलं दुकान बंद, दुसरं बंद, तिसऱ्याच्या काचेवर वेळा लिहिल्या होत्या आणि त्यात रविवारच नव्हता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे मी वाचलं होतं, पण आपल्याकडे 'सोमवारी बंद' लिहिलेलं न्हाव्याचं दुकान मागच्या दाराने उघडं असतं, तसंच काहीतरी असेल असं गृहीत धरलं होतं. आणि सोमवार ३ ऑक्टोबर, जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. म्हणजे सलग दोन दिवस टाळं. स्टेशनातलं दुकान रविवारीही उघडं असतं ही माहिती मला तीन आठवड्यांनी मिळाली, तोवर तिचा काही उपयोग उरला नव्हता.

तर कुळथाची पिठी करायची ठरवली. स्वयंपाकघर चौघांत एक. कुणाचं तरी पातेलं उचललं, कुळथाचं पीठ पाण्यात कालवलं, खोबरेलावर मालवणी मसाला परतला, आमसूल टाकलं, आणि मिठाचा डबा शोधायला फडताळं उघडायला लागले. प्रत्येक फडताळावर नावाची चिठ्ठी. परक्याच्या घरात चोरी करत असल्यासारखं वाटून मी दार लावलं. तेवढ्यात मागून कुणीतरी इंग्रजीत विचारलं, "काय शोधतेस?"

दाढीवाला, उंच, पायांत लोकरीचे मोजे. मी म्हटलं, मीठ. त्याने आपल्या फडताळातून मिठाचा अख्खा खोका काढून माझ्यासमोर ठेवला, मग पातेल्यात डोकावून बघितलं, आणि न विचारता एका पिशवीतून चपटी गोल रोटी काढून तीही ठेवली. आम्ही दोघांनी ती पिठी रोटीबरोबर खाल्ली, भाताला अजून वेळ होता म्हणून. मला वाटलं हा तुर्की असेल. तो सीरियाचा निघाला, अलेप्पोचा. २०१५ साली सोळा वर्षांचा असताना एकट्याने इथे आला होता आणि आता स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होता.

आमच्याकडे माणूस कुठला हे कळलं की अर्ध आडनाव कळल्यासारखं असतं. घरी फोनवर सांगताना परकी नावं आजीच्या जिभेवर बसेनात, म्हणून मी सगळ्यांना 'कर' लावून टाकलं. हा झाला अलेप्पोकर. दुसऱ्या खोलीतला जर्मन मुलगा आयफेलच्या डोंगरातल्या मोन्शाव गावचा, तो मोन्शावकर. तिसरी चीनमधल्या चेंगदूची, ती चेंगदूकर. आजीला वाटलं सगळे आपल्यातलेच. चौघांत दोन मुलगे आहेत हे मात्र मी आईला सहा महिन्यांनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग भांडी कोण घासता?"

भांडी ज्याची त्याने. बाकीच्या सगळ्यासाठी मोन्शावकरने पुट्सप्लान लावला होता, म्हणजे साफसफाईची पाळी: कुणी कुठल्या आठवड्यात काय पुसायचं. फ्रिजचा दुसरा कायदा असा, की आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहायची. नाव नसलेली वस्तू रविवारी संध्याकाळी कचऱ्यात. कचरा तरी एक कुठे, चार: कागद, पॅकिंग, ओला आणि उरलेला. काच वेगळी, तीही रंगानुसार, आणि काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, म्हणून त्या जमवायच्या. तेव्हा युरो ८० रुपयांच्या आसपास होता. २५ सेंट म्हणजे २० रुपये, म्हणजे कुडाळच्या स्टँडवर एक वडापाव. पहिले चार महिने मी प्रत्येक वस्तूला ८० ने गुणायचे. मग एक दिवस कोथिंबिरीच्या जुडीसमोर गुणाकार करत उभी असताना स्वतःचाच कंटाळा आला आणि ते थांबलं.

पैशाचं गणित एकदा सांगून टाकते, कारण नवीन मुलं तेच विचारतात. व्हिसासाठी एका गोठवलेल्या खात्यात वर्षाचे १०,३३२ युरो ठेवावे लागले. त्यातले महिन्याला ८६१ हातात यायचे. (जानेवारी २०२३ पासून ही रक्कम महिना ९३४ झाली, आता त्याहून वाढली आहे.) तेही आल्या आल्या मिळत नाहीत. आधी महापालिकेत राहण्याची नोंदणी, मग बँक, मग विमा, आणि यातला प्रत्येक जण दुसऱ्याचा कागद मागतो. मला पहिले पैसे मिळायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे बॅगेतल्या उकड्या तांदळांवर आणि विद्यापीठाच्या मेन्सावर निघाले. मेन्सा म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ. तीन-साडेतीन युरोत ताटभर जेवण, त्यात बटाटा असतोच. तळलेला, उकडलेला, कुस्करलेला, कधी गोळा करून. दुपारचे साडेअकरा वाजले की प्राध्यापकांपासून सगळे ताट घेऊन रांगेत. रात्री मात्र जर्मन घरात चूल पेटत नाही. मोन्शावकर संध्याकाळी सहाला पाव, चीज, काकडी आणि लोणची घेऊन बसायचा, आणि मी त्याच वेळी कांदा चिरायला घ्यायचे.

त्यातून पहिलं भांडण. मोहरी तडतडली, लसूण-मिरचीचा ठसका उठला आणि छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. मोन्शावकर खुर्ची घेऊन धावत आला, भोंगा बंद केला, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाहेर शून्याखाली दोन. मी गारठून उभी, तो घड्याळ लावून पाच मिनिटं मोजतोय. याला लुफ्टन म्हणतात, दिवसातून दोन-तीनदा करायचं असतं, नाहीतर भिंतींना बुरशी येते. त्याने पुट्सप्लानच्या खाली नवीन ओळ लिहिली: 'फोडणीच्या आधी खिडकी.' फोडणी हा शब्द त्याने माझ्याकडून घेतला होता आणि स्पेलिंगमध्ये दोन चुका केल्या होत्या. मला राग आला होता, पण ती ओळ वाचून हसू आवरेना.

चेंगदूकरशी मात्र महिनाभर 'हॅलो'पलीकडे काही नव्हतं. ती रात्री दहानंतर स्वयंपाक करायची, दार लावून. नोव्हेंबरातली एक रात्र. मी खोलीत वाचत बसले होते आणि दाराच्या फटीतून वास आला. मी आधी मान वर केली, मग खुर्चीवरून उठले, आणि अनवाणीच स्वयंपाकघरात गेले. तो आजीच्या चुलीवरच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास होता. इथे, आखेनमध्ये, रात्री साडेदहाला.

तिच्या कढईत टोफू होता. मी विचारलं, यात काय घातलंस? तिने बशीत चार-पाच तांबूस, उकललेले, वाळके दाणे काढून दिले. चाव, म्हणाली. चावला. आधी लिंबासारखं काही, मग जीभ हळूहळू बधिर. मी काही न बोलता खोलीत गेले, मोज्यातली औषधाची बाटली आणली आणि तिच्यासमोर ओतली. आमची तिरफळं जरा मोठी, काळपट. तिची लहान आणि लाल. पण आकार तोच, मधोमध फुटलेली टरफलं, आणि आतलं काळं बी काढून टाकायचं हेही तेच. तिने एक तिरफळ दातांखाली धरलं आणि डोळे मोठे केले. मग तिच्या भाषेत तीन-चार वाक्यं भराभर बोलली, मी चिनी नाही हे विसरून.

तिच्याकडे याला हुआज्याओ म्हणतात. नंतर आम्ही दोघींनी शोधून काढलं: दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच प्रजातीतली, जाती निराळ्या. जिभेला मुंग्या येतात त्याला त्यांच्याकडे 'मा' असा वेगळा शब्दच आहे. मराठीत तिखट आहे, तुरट आहे, पण याला शब्द नाही. आजीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "तिरफळां लागतत, अशाच म्हणतव." म्हणजे तिरफळासारखं लागतं ते तिरफळासारखं. बरोबरच आहे. त्या रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही बसलो, तिच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये.

घरच्यासारखा स्वयंपाक करायचा तर आखेनमध्ये एका दुकानाने भागत नाही. तुर्की दुकानात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, गोठवलेली भेंडी, मसूर, रवा आणि किलोभर दह्याचे डबे. भारतीय दुकानात चपातीचं पीठ आणि तूरडाळ, पण किमती बघून दरवेळी दोनदा विचार. खोबऱ्याचा प्रश्न सुटला तो सीमेपलीकडे. आखेनपासून बसने वीसेक मिनिटांवर फाल्स हे डच गाव आहे आणि तिथली दुकानं रविवारी उघडी असतात! अर्धं आखेन रविवारी तिथे दूध-ब्रेड घ्यायला जातं. इंडोनेशिया एके काळी डचांची वसाहत होती, त्यामुळे त्यांच्या साध्या दुकानातसुद्धा सांबाल नावाची मिरचीची चटणी, कोळंबीचे पापड आणि 'सांतन' मिळतं, म्हणजे घट्ट नारळदुधाची साबणासारखी वडी. गरम पाण्यात विरघळवली की आमटीला पुरते. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा पाच वड्या आणल्या आणि मोन्शावकरने प्रत्येकीवर तारीख लिहायला लावली. फाल्सला एक टेकडी आहे, ३२२ मीटर उंच, तिच्यावर तीन देशांच्या सीमा मिळतात. नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवर त्याहून उंच काही नाही. आमच्याकडे त्याला टेंब म्हणतात आणि त्यावर गुरं चरायला जातात.

दुधाचा एक शोध मात्र माझा एकटीचा नाही. इथल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला तो कधी ना कधी लागतो. क्वार्क नावाचं जे काही जर्मन लोक पावाला लावून खातात तो जवळपास आपला चक्का आहे. टांगायला नको, पंचा नको. २२ मार्च २०२३ ला पाडव्याला मी चाळीस टक्केवालं क्वार्क, पिठीसाखर, वेलची आणि केशराच्या चार काड्या घालून श्रीखंड केलं. मोन्शावकर म्हणाला, इतकी साखर क्वार्कवर अन्याय आहे. मग दोन वाट्या खाल्ल्या.

या मोन्शावकरनेच मला पहिल्या नाताळात घरी नेलं. वसतिगृह रिकामं झालं होतं, चेंगदूकर बर्लिनला गेली होती, आणि याने २६ डिसेंबरला मेसेज टाकला: "बस पकड. आजी म्हणते ये." तेव्हा सेमिस्टरच्या फीमध्येच राज्यभराचा प्रवास असायचा, त्यामुळे तिकिटाचा प्रश्न नव्हता. मोन्शाव म्हणजे लाकडी चौकटींची घरं, मधून खळाळणारी नदी आणि १८८२ पासूनची मोहरीची गिरणी. दारात बूट काढायला सांगितले तेव्हाच मला बरं वाटलं. त्याच्या आजीने विचारलं, केक घेणार? मी रीतीप्रमाणे म्हटलं, नको. आपल्याकडे 'नको' म्हणजे 'अजून एकदा विचारा'. तिने मान डोलावली आणि केक परत कपाटात ठेवला. मी त्या कपाटाकडे बघत तासभर काढला. संध्याकाळी तिने किसलेल्या बटाट्याची धिरडी तळली, सफरचंदाच्या गोड मुरंब्याबरोबर. या वेळी तिने विचारायच्या आत मी "हो" म्हणाले. निघताना मोहरीच्या सॉसची बरणी दिली. आमची मोहरी तेलात तडतडते, त्यांची दळून बरणीत जाते, हे मी तिला जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न केला आणि बहुधा असं काही बोलले की आमच्याकडे मोहरी उड्या मारते.

फेब्रुवारीत परीक्षा. इथे १.० म्हणजे उत्कृष्ट, ४.० म्हणजे काठावर, ५.० म्हणजे गेलं. एका विषयाला तीनच संधी, तिसऱ्यांदा नापास तर अभ्यासक्रमातूनच बाहेर. मी ऊष्मागतिकीच्या पेपरात पहिल्यांदा नापास झाले. दुसऱ्यांदा चेंगदूकरने गणितं घासून घेतली, सुटले. त्याबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

त्याच फेब्रुवारीतली ६ तारीख मात्र आठवते. पहाटे स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर अलेप्पोकर फोन हातात धरून उभा. तुर्कस्तान आणि उत्तर सीरियात भूकंप झाला होता. त्याची आई तुर्कस्तानातल्या गाझियांतेपला राहायची, युद्ध सुरू झाल्यावर तिकडे गेलेली, बाकीचे नातेवाईक अलेप्पोत. कुणाचाच फोन लागत नव्हता. मला काय बोलावं सुचेना. चेंगदूकर आली, तिने काही विचारलं नाही, फक्त चार्जरची लांब वायर आणून त्याच्या फोनला लावली. २००८ साली तिच्या सिचुआन प्रांतात भूकंप झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या दिवशी तिच्या बाबांचा फोन बंद पडला होता, हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. मोन्शावकरने मोठं पातेलंभर बटाट्याचं सूप केलं. आम्ही चौघं दुपारपर्यंत तिथेच होतो. दोनच्या सुमारास आईचा आवाज आला. ती बाहेर गाडीत बसली होती, थंडीत, पण ठीक होती. अलेप्पोकरने फोन ठेवला आणि सूप प्यायला घेतलं. "यात मीठ नाही," तो म्हणाला. खरंच नव्हतं.

मे २०२३ पासून ४९ युरोचं तिकीट आलं. महिनाभर देशात कुठेही, मात्र जलद गाड्या सोडून. त्यावर आम्ही कुठे कुठे हिंडलो याची यादी करत नाही, कारण निम्मा वेळ कुठल्यातरी फलाटावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघण्यात गेला. सांगण्यासारखी सहल देशाबाहेरची आहे.

जुलै उजाडेपर्यंत मला समुद्र बघून दहा महिने झाले होते. कुडाळहून तासाभरात मालवणच्या बंदरावर जाणाऱ्या माणसाला ही काय अवस्था असते ते सांगता येत नाही. आखेनमध्ये पाणी आहे, पण ते जमिनीतून येणारं, गरम आणि गंधकाचं. शहराच्या मध्यावर कारंज्यापाशी गेलं की उकडलेल्या अंड्याचा वास. रोमन लोकांना ते आवडलं, मध्ययुगातल्या सम्राट शार्लमेनलाही आवडलं, त्याने इथे राजधानी थाटली. मला मात्र खारं पाणी हवं होतं. चेंगदूकरचं गाव समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत, तिला उत्सुकता. अलेप्पोकर म्हणाला, मी समुद्र एकदाच बघितला आहे, रात्री, रबरी होडीतून. दिवसा बघायचा आहे.

बसने सीमा ओलांडून ऑयपेन. हे बेल्जियममधलं गाव, पण भाषा जर्मन. तिथून थेट गाडी निघते ती आख्खा देश आडवा कापून ओस्टेंडच्या किनाऱ्याला थांबते, तीनेक तासांत. सव्विशीच्या आतल्यांना तेव्हा तिकीट सातेक युरो होतं. गाडीतल्या घोषणा ऐकत बसावं: आधी जर्मन, मग लिएजकडे फ्रेंच, ब्रसेल्सला दोन्ही-तिन्ही, आणि गेंट आलं की फक्त डच. एकाच डब्यात बसून भाषा तेवढ्या चढत-उतरत होत्या.

उत्तर समुद्र करडा निघाला. सपाट वाळू, वारा, आणि ओहोटीला पाणी इतकं मागे गेलेलं की चालून दम लागावा. माड नाहीत, खडक नाहीत. मला क्षणभर वाईट वाटलं. मग वारा फिरला आणि बंदराचा वास आला: डिझेल, दोरखंड, मासळी. तो वास मात्र मालवणचाच. धक्क्यावर व्हिस्ट्राप नावाचा छोटा मासळीबाजार आहे, तिथे बायका ताजी मासळी विकतात. लहान करड्या कोळंब्या होत्या, बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडलेल्या. चिमटीत धरून सोलायच्या. मी भराभर सोलत गेले आणि विकणाऱ्या बाईने मला वर-खाली बघितलं. इथून जवळच ओस्टडाउनकेर्के गावात अजून काही जण घोड्यावर बसून उथळ पाण्यात जाळं ओढतात. युनेस्कोच्या वारशाच्या यादीत ते २०१३ साली गेलं. मी म्हटलं, आमच्याकडे रापण आहे. शंभर माणसं दोर ओढतात, युनेस्को नाही, पण वाटा मिळतो.

आणि तिथे बांगडे होते. निळे-हिरवे पट्टे, डोळे चकाकणारे. आमच्या बांगड्याहून थोडे निमुळते, पण बांगडेच. मी सहा घेतले. बर्फ, दोन पिशव्या, वरून चेंगदूकरचं जॅकेट.

परतीला घोटाळा. ऑयपेनची थेट गाडी चुकली, म्हणून लिएजला जाऊन बदलायचं ठरलं. फलकावर लिएज कुठेच नाही. 'लाउक' नावाच्या गावाची गाडी समोर उभी होती, सुटली, आम्ही तिला निरोप दिला. लाउक म्हणजेच लिएज, डच भाषेत. तासभर बाकावर बसलो, बांगडे मांडीवर. डब्यात शिरल्यावर आजूबाजूची माणसं एक एक करत दुसरीकडे बसायला गेली. अलेप्पोकर म्हणाला, बरं झालं, पाय पसरता येतील.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मोन्शावकर झोपेतून उठून आला, आधी खिडकी उघडली, मग सुरी काढून दिली. आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाटेचे तीन, पण ती उठली. बांगडे साफ केले. सुक्या मिरच्या, लसूण, हळद, खोबरेल. आमसुलं संपली होती, म्हणून अलेप्पोकरने डाळिंबाच्या रसाचा आटवलेला काळा पाक दिला. "तिरफळां घातलंस मा गो?" आजीने विचारलं. बाटली उघडली तर तळाला एकच टरफल आणि धूळ. चेंगदूकरने आपला डबा पुढे केला. मी तिची लाल तिरफळं ठेचून घातली आणि आजीला म्हटलं, घातली.

"मग झाकण ठेव," आजी म्हणाली.

मध्यरात्री चौघांनी चमच्याऐवजी पावाने पातेलं पुसून काढलं. मोन्शावकरने दुसऱ्या दिवशी पुट्सप्लानवर 'बांगडा' असा एक स्वतंत्र रकाना आखला. त्या रकान्यात नेहमी माझंच नाव असायचं.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम माझा पाचव्या सेमिस्टरमध्ये गेला, प्रबंध रेंगाळल्यामुळे. ८ डिसेंबर २०२४, तोही रविवारच. सकाळी सातला दारावर टकटक. अलेप्पोकर उभा, डोळे लाल, रात्रभर झोपलेला नाही. सीरियाची राजधानी दमास्कस पडली होती, राष्ट्राध्यक्ष असद पळाला होता. त्याला काही सांगायचं असेल म्हणून मी वाट बघत राहिले.

"रवा आहे का?" तो म्हणाला. "दुकानं बंद आहेत."

शिऱ्यासाठी ठेवलेलं एक किलोचं पाकीट होतं. ते आणि उरलेला दह्याचा डबा मी त्याला दिला. त्याने आईला फोन लावून मांडणीवर टेकवला आणि ती तिकडून अरबीत सांगत गेली, तो इकडे हात बरबटून घेत गेला. रवा, दही, साखर, लोणी, वरून पाक. त्याला बसबूसा म्हणतात. मध्येच आई रडायची, मध्येच म्हणायची, (हे त्याने सांगितलं) पाक गार करून ओत रे, किती वेळा सांगू. ओव्हनमधून निघालं ते आपल्या रव्याच्या वडीचं मोठं भावंड होतं. त्याने शंकरपाळ्यांसारखे तिरके तुकडे कापले, प्रत्येकावर एक बदाम.

आम्ही खाल्लं, चेंगदूकर उठल्यावर तिने खाल्लं. मोन्शावकर शनिवार-रविवार घरी गेला होता, त्याच्यासाठी अर्धं ताट झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं ठरलं. अलेप्पोकरने चिकटपट्टी फाडली, पेन काढलं, आणि जरा थांबला. मग नाव न लिहिता नुसती तारीख लिहिली आणि ताट मधल्या, कुणाच्याच नसलेल्या फळीवर सरकवलं.